खेळता खेळता मूल कोसळतं, तेव्हा मृत्यूचं कारण कसं शोधतात?

धावण्याची शर्यत चालू आहे. बारा वर्षांची एक मुलगी शेवटचं वळण घेते आणि चार पावलांवर कोसळते. अडखळून पडणारं माणूस आपोआप हात पुढे करतं. हिचे हात पुढे आलेच नाहीत, ती थेट तोंडावर आपटली. दोनतीनदा अंगाला झटके आले, घशातून घोरल्यासारखा आवाज आला. कुणी म्हणालं फिट आली, कुणी पाणी आणायला पळालं, कुणी तळपाय चोळू लागलं. रुग्णालयात पोहोचेपर्यंत ती गेलेली होती.

ही मुलगी मी समजावण्यासाठी मनाने उभी केली आहे. पण असे मृत्यू होतात, आणि झाले की बरेचदा एका वाक्यात मिटवले जातात: 'हार्ट अटॅक आला.' मला त्या वाक्याबद्दलच बोलायचं आहे, कारण ते बहुतेक वेळा चुकीचं असतं आणि त्याची किंमत घरातली मागे राहिलेली मुलं मोजतात.

हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी कोरोनरी रक्तवाहिनी तुंबणं. तिच्या आत चरबीचा थर साचायला वर्षानुवर्षं लागतात. बारा वर्षांच्या मुलीच्या या वाहिन्या आतून जवळजवळ नेहमीच स्वच्छ असतात. दाखल्यावर दिसणारं दुसरं वाक्य म्हणजे 'हृदयक्रिया बंद पडून मृत्यू'. तेही कारण नव्हे. अंधार का झाला, तर दिवा विझला म्हणून, इतकाच त्याचा अर्थ. दिवा का विझला, हे विचारायचं राहूनच जातं. तेच शोधण्याचं काम न्यायवैद्यक तपासाचं.

हा तपास शवविच्छेदनाच्या टेबलावर सुरू होतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो मैदानावर सुरू होतो, आणि पहिला पुरावा तिथे उभ्या असलेल्या माणसांच्या डोळ्यांत असतो. मूल नेमकं काय करत होतं? जोरात धावत होतं, की धावून थांबल्यावर पडलं? पाण्यात होतं? छातीवर चेंडू किंवा कोपर लागलं का? पडण्याआधी काही बोललं का? या उत्तरांवरून अर्धी वाट उजळते.

आपल्या मुलीचे हात पुढे आले नाहीत, ही बारीक गोष्ट वाटेल, पण तपास करणाऱ्यासाठी ती मोलाची आहे. हृदयाची लय एकाएकी बिघडली आणि ते नुसतं थरथरू लागलं, की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते. माणूस उन्मळून पडतं, सावरायला वेळच नसतो. त्यानंतरचे झटके आणि ते घोरणं मेंदूला रक्त न मिळाल्याचे परिणाम असतात. बघणाऱ्याला ती फिट वाटते. म्हणूनच अशा मुलांच्या जुन्या कागदपत्रांत 'फिट'चं निदान आणि फिटची औषधं सापडली, की जाणकार डॉक्टर थबकतो. ती खरंच फिट होती, की हृदयाने आधी दिलेला इशारा?

दम्याने जाणारं मूल असं पडत नाही. त्याला धाप लागते, ते खोकतं, पंप मागतं, खाली बसतं. त्यात काही मिनिटं जातात. उष्माघाताआधी मूल भेलकांडायला लागतं, असंबद्ध बोलतं, चिडतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली तर 'डोकं फुटतंय' असं म्हणून ओकारी होऊ शकते. आणखी एक प्रकार फारसा कुणाला माहीत नसतो. एखादा पदार्थ, बऱ्याचदा गहू, खाल्ल्यावर काही तासांत व्यायाम केला तरच तीव्र अ‍ॅलर्जी उसळते. नुसतं खाल्लं तर काही होत नाही, नुसतं धावलं तरी काही होत नाही. अशा मुलाच्या अंगाला आधी खाज सुटते, गांधी उठतात, ओठ सुजतात. मूल पडण्याआधी अंग खाजवत होतं का, हा प्रश्न त्याच दिवशी विचारला नाही तर दोन आठवड्यांनी तो कुणाला आठवत नाही.

हल्ली माणसांच्या आठवणीला यंत्रांची साथ आहे. मैदानावरचा सीसीटीव्ही, पालकाच्या मोबाइलमधलं चित्रीकरण, मनगटावरचं घड्याळ, हे सगळं पुराव्यात येतं. सगळ्यात मोलाचं ते एईडी, म्हणजे शॉक देऊन हृदयाची लय परत आणणारं छोटं यंत्र. ते छातीला लावल्यापासून हृदयाची लय नोंदवत राहतं. मुलगी कोसळल्यावर काही मिनिटांत ते लावलं असेल, तर हृदय तेव्हा थरथरत होतं की अगदी सपाट होतं, हे त्यात साठलेलं असतं. गेल्यानंतर हृदय उघडून ही माहिती मिळत नाही. तरीही घाईत ते यंत्र पुसून, पॅड बदलून पुन्हा भिंतीवर लावलं जातं आणि आतली नोंद काढून घ्यायचं कुणाला सुचत नाही.

छातीवर लागलेल्या चेंडूपाशी जरा थांबतो, कारण साक्षीदार किती महत्त्वाचे हे दाखवणारं याहून बोलकं उदाहरण नाही. ठोका पडल्यानंतर हृदयाचा स्नायू पुढच्या ठोक्यासाठी स्वतःला पुन्हा विजेने भरून घेत असतो. ईसीजीवर ती टी लहर म्हणून दिसते. या लहरीच्या चढावर, शिखर गाठण्याआधीचे १५ ते ३० मिलिसेकंद फार नाजूक असतात. अमेरिकेत मार्क लिंक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली भूल दिलेल्या डुकराच्या पिल्लांवर प्रयोग करून हे दाखवलं. नेमक्या त्या क्षणी, नेमका हृदयावर, बेसबॉलच्या चेंडूचा बेताचा मार बसला तरी हृदय थरथरू लागलं. क्षण चुकला, की तोच मार बसूनही हृदय असं थरथरलं नाही. याला 'कमोशियो कॉर्डिस' म्हणतात. बळी पडणारे बहुतांशी किशोरवयीन आणि त्याहून लहान मुलगे असतात. वाढत्या वयातली छाती लवचीक असते, मार थेट आतवर पोहोचतो.

शवविच्छेदनात काय दिसतं? हृदय धडधाकट, बरगड्या शाबूत. फार तर कातडीवर फिकट वळ, तोही नेहमी नसतो. म्हणजे चेंडू लागताना पाहणारं कुणी पुढे आलं नाही, तर हा मृत्यू 'कारण सापडलं नाही' या खात्यात जाणार. उलटी बाजूही आहे. मार चेंडूचा नसून दुसऱ्या मुलाच्या ठोशाचा असेल, तर हाच निष्कर्ष एका जिवंत मुलाच्या आयुष्यावर घाव घालू शकतो. अशा वेळी डॉक्टरने कपडे तपासून, वळ मोजून, चित्रीकरणातले क्षण एकेक करून पाहून मगच शब्द लिहायला हवेत.

मूल पळत होतं ते स्वतःच्या मर्जीने का, हेही याच टप्प्यावर विचारायचं असतं. शिक्षा म्हणून पळायला लावणं, पाणी न देणं, 'नाटकं करू नकोस' म्हणून पुन्हा उभं करणं, हे घडतं. उष्माघाताची शवविच्छेदनात अशी एकही खूण नाही की जी पाहून ठामपणे बोट ठेवावं. निदान उभं राहतं ते परिस्थितीवर: हवेचं तापमान, दमटपणा, अंगावरचे कपडे, किती वेळ पळत होतं, थांबू द्या म्हणालं होतं का, आणि सगळ्यात आधी, रुग्णालयात आल्या आल्या शरीराच्या आतलं तापमान मोजलं होतं का. गुदद्वारातून मोजलेला तो एक आकडा ४० अंशांच्या वर असेल तर चित्र बदलतं. तो मोजलाच नाही, तर शरीर थंड होत जातं आणि पुरावा त्याच्याबरोबर निघून जातो. अशा प्रकरणात 'नैसर्गिक मृत्यू' लिहिणं ही नुसती तांत्रिक चूक नसते. एका मुलावर झालेला अन्याय त्या दोन शब्दांत पुरला जातो.

मग घरच्यांशी बोलणं. दुःखाने सुन्न झालेल्या आईबापांना प्रश्न विचारणं कठीण असतं, पण हे काम टाळता येत नाही. तीन पिढ्यांची माहिती हवी असते, आणि 'घरात कुणाला हृदयविकार आहे का?' एवढंच विचारून ती मिळत नाही. उत्तर 'नाही' येतं आणि विषय संपतो. विचारायचं ते असं: कुणी तरुणपणी झोपेत गेलं का? चांगलं पोहता येणारं कुणी बुडालं का? रिकाम्या रस्त्यावर एकट्याने गाडी चालवताना कुणाचा अपघात झाला का? पाळण्यातलं बाळ दगावलं का? घाबरल्यावर, दचकल्यावर, पळताना कुणी बेशुद्ध पडायचं का? 'मामा पट्टीचा पोहणारा होता, तरी बुडाला' हे वाक्य वीस वर्षं घरात हळहळ म्हणून सांगितलं जातं. तपास करणाऱ्याच्या कानाला ते निदानासारखं ऐकू येतं.

बहिरेपणही विचारायचं. १९५७ साली नॉर्वेतल्या येरवेल आणि लांगे-नील्सन या डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकीकत मांडली. सहा मुलं, त्यातली चार जन्मतः बहिरी. त्या चौघांना बेशुद्धीचे झटके यायचे, आणि तिघं ४, ५ आणि ९ वर्षांची असताना अचानक गेली. ईसीजीवर 'क्यूटी' नावाचं एक अंतर नेहमीपेक्षा लांब दिसत होतं. आज 'लाँग क्यूटी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजारांतला हा पहिला नीट नोंदलेला प्रकार. अंतर्कर्णात आणि हृदयात एकच पोटॅशियमची वाहिका काम करते. ती बिघडली, की दोन्हीकडे बिघाड होतो.

आता शवविच्छेदन. लोकांना वाटतं, हृदय पाहिलं की झालं. पण पूर्ण शरीर पाहावं लागतं आणि मेंदू पाहावाच लागतो. फुफ्फुसं फुगलेली आहेत का, श्वासनलिकांत चिकट कफाच्या गाठी आहेत का, स्वरयंत्र सुजलंय का, पायातून निघालेली रक्ताची गुठळी फुफ्फुसात अडकली आहे का. इथे चकवेही खूप. श्वासनलिकेत अन्नाचे कण दिसले म्हणजे घास अडकून मूल गेलं असं होत नाही. मरताना आणि छाती दाबताना पोटातलं वर येतंच. सीपीआरमुळे, म्हणजे जीव वाचवण्यासाठी छाती दाबण्यामुळे, बरगडी मोडू शकते, यकृताला इजा होऊ शकते. ती मारहाणीची समजली गेली तर अनर्थ, आणि खरी मारहाण सीपीआरच्या नावावर खपली तरी अनर्थ.

हृदय पाहायची एक शिस्त आहे. ते घाईने उभं-आडवं कापायचं नसतं. रक्त ज्या वाटेने वाहतं त्या वाटेने उघडायचं, आतल्या गुठळ्या धुऊन टाकायच्या, मग वजन करायचं आणि ते वजन मुलाच्या वजन-उंचीशी ताडून पाहायचं. मोठ्यांचा तक्ता मुलांना लावून चालत नाही. पहिली नजर महाधमनीच्या मुळाशी टाकायची. तिथे तीन पाकळ्यांची झडप असते. त्यातल्या दोन पाकळ्यांच्या वर एकेक गोल छिद्र असायला हवं, एक डाव्या कोरोनरीचं, एक उजव्या. कधी कधी दोन्ही छिद्रं एकाच पाकळीवर, शेजारी शेजारी सापडतात. एक गोल, तर दुसरं गोल नसतंच. चिमटीत धरलेल्या कापडाच्या चुणीसारखी ती बारीक फट असते. सळई आत घातली तर ती सरळ न जाता तिरकी, महाधमनीच्या भिंतीतूनच सरकत जाते आणि महाधमनी व फुफ्फुसाची धमनी यांच्या मधून पलीकडे निघते. डावी कोरोनरी अशी चुकीच्या जागी उगवली असेल तर तो फार धोक्याचा दोष. मूल पळतं तेव्हा महाधमनी दर ठोक्याला जोराने फुगते, त्या दाबाखाली ही फट मिटत असावी असं मानलं जातं, आणि नेमकं त्याच वेळी हृदयाला सगळ्यात जास्त रक्त हवं असतं. विश्रांतीतला ईसीजी अशा मुलांत सामान्य येतो, कधी ट्रेडमिलची चाचणीही सामान्य येते.

महाधमनी हृदयाच्या अगदी जवळ कापली, तर ही फट कापणाऱ्याच्या कात्रीखाली जाते आणि कुणाला कधीच दिसत नाही. हातसवयीने मारलेली एक कात्री, आणि उत्तर गेलं.

दुसरं मोठं कारण स्नायू जाड होण्याचं, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. मोठ्या माणसांत साधारण ५०० जणांत एकाला हा आजार असतो आणि बहुतेकांचं आयुष्य नीट जातं. हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत बेढब जाड होते. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूपेशी ओळीत उभ्या न राहता वावटळीत सापडलेल्या काडीकचऱ्यासारख्या वाट्टेल तशा पसरलेल्या दिसतात. त्यातून विजेची लाट सरळ जाऊ शकत नाही, गिरक्या घेते. या आजाराचं आधुनिक वर्णन १९५८ साली लंडनच्या डोनाल्ड टीअर यांनी केलं आणि ते न्यायवैद्यक पॅथॉलॉजिस्ट होते, म्हणजे हा आजार जगाला नीट कळला तो अचानक गेलेल्या तरुणांच्या शवविच्छेदनातून. उजव्या कप्प्याचा स्नायू झिजून तिथे चरबी आणि तंतू भरतात, त्या आजाराचंही तसंच. इटलीच्या व्हेनेटो भागात गाएतानो थिएने आणि सहकाऱ्यांनी अचानक गेलेल्या ३५ वर्षांखालच्या ६० जणांची हृदयं तपासली, तेव्हा १२ जणांत तो सापडला. १९८८ साली ते छापून आलं.

तिसरं, हृदयाच्या स्नायूची सूज, मायोकार्डायटिस. आठवड्यापूर्वी सर्दी-ताप किंवा जुलाब झाले होते, मूल बरं झालं म्हणून खेळायला गेलं. ही सूज चकत्याचकत्यांनी असते. एकच तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि तो नेमका निरोगी भागातला निघाला, तर निदान हुकलं. म्हणून दोन्ही कप्प्यांच्या सगळ्या बाजूंचे आणि मधल्या भिंतीचे तुकडे घ्यावे लागतात.

मात्र काहीतरी सापडलंच पाहिजे या ओढीने भलत्यालाच कारण ठरवणं तितकंच वाईट. उजव्या कप्प्यात थोडी चरबी निरोगी माणसातही असते. दोन भिंती जिथे जुळतात तिथे पेशींची थोडी विस्कटलेली रचना स्वाभाविक असते. कोरोनरीचा छोटा भाग स्नायूत बुडालेला असणं अनेकांत आढळतं. यातलं काही पकडून त्यावर मृत्यूचं खापर फोडलं, तर घरातली सगळी भावंडं त्यांना नसलेल्या आजाराच्या तपासण्या करत राहतात, आणि खऱ्या आजाराकडे कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून अनुभव कमी असेल तर हृदय अखंड राखून ठेवावं आणि हृदयाच्याच पॅथॉलॉजीत काम करणाऱ्याकडे पाठवावं. ते घरच्यांना सांगून, त्यांची परवानगी आणि नंतर ते परत हवं आहे का हे विचारून करायला हवं. आपल्या मुलाचं हृदय त्याच्याबरोबर गेलं नाही हे महिन्यांनी कागदावरून कळण्यासारखा घाव दुसरा नाही.

प्रयोगशाळेतल्या तपासण्यांत मला डोळ्यातल्या पाण्याची तपासणी फार सुंदर वाटते. अश्रू नव्हे, बुबुळामागच्या गोलात भरलेला जेलीसारखा द्रव. तो बंदिस्त असल्यामुळे रक्तापेक्षा उशिरा बिघडतो. त्यात सोडियम आणि युरिया वाढलेले दिसले, तर मूल सुकलेलं होतं हे कळतं. साखर खूप जास्त निघाली तर कुणाला माहीत नसलेला मधुमेह उघड होतो. साखर कमी निघाली तर मात्र त्यावरून काही सांगता येत नाही, कारण मृत्यूनंतर ती आपोआप उतरते. अ‍ॅलर्जीचा संशय असेल तर ट्रिप्टेज नावाचं रसायन मोजतात आणि त्यासाठी रक्त हृदयातून न घेता मांडीच्या शिरेतून घेतात, नाहीतर आकडा फसवा येऊ शकतो. रुग्णालयात जिवंतपणी घेतलेलं रक्त शिल्लक असेल तर ते सोन्यासारखं जपावं. ते एकदोन दिवसांत फेकलं जातं, म्हणून पहिला फोन तिकडे करायचा.

किशोरवयीन मुलांत आणखी एक शक्यता डोक्यात ठेवावीच लागते. डिंक, थिनर, लायटरचा गॅस हुंगण्याची. ही द्रव्यं हृदयाला अ‍ॅड्रिनलिनबाबत हळवं करतात. हुंगणारं मूल पकडलं जाण्याच्या भीतीने पळत सुटलं, की हृदय थरथरून थांबू शकतं. अमेरिकेत मिलार्ड बास यांनी १९७० सालीच अशा मृत्यूंकडे लक्ष वेधलं होतं. पण ही द्रव्यं हवेत उडून जातात. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे तुकडे, साध्या बरणीत, अर्धी जागा रिकामी ठेवून पाठवला, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यातलं काही उरणार नाही. घट्ट झाकणाची काचेची बाटली हवी, काठोकाठ भरलेली.

रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींचंही असंच. सिकलसेलचं एकच जनुक असलेलं मूल एरवी निरोगी असतं, पण अतिश्रमात क्वचित कोसळू शकतं. शवविच्छेदनात विळ्यासारख्या पेशी दिसल्या म्हणून तेच कारण म्हणता येत नाही, कारण प्राणवायू संपला की मृत्यूनंतरही त्या पेशी तशाच वाकतात.

आणि मग तो दिवस येतो, जेव्हा सगळं तपासून झालेलं असतं आणि काहीच सापडलेलं नसतं. हृदय सुरेख. मेंदू ठीक. विष नाही. आपल्या बारा वर्षांच्या मुलीचंही असंच झालं असं धरू.

पूर्वी तपास इथे संपायचा. पण हृदयाला आकाराबरोबर वीजही असते, आणि विजेतला दोष मेलेल्या हृदयात दिसत नाही. लाँग क्यूटीमध्ये पेशी पुन्हा भरायला वेळ जास्त लागतो. त्याच्या पहिल्या प्रकारात पोहणं हे ठळक निमित्त असतं. म्हणून पोहता येणारं मूल बुडालं तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सीपीव्हीटी नावाचा दुसरा आजार व्यायामाशी आणखी घट्ट बांधलेला आहे. पेशीच्या आत कॅल्शियमचं कोठार असतं. त्याचं दार अ‍ॅड्रिनलिनच्या लोटात नीट बंद राहत नाही, कॅल्शियम अवेळी गळतं आणि हृदय मधेच ठोके टाकू लागतं. विश्रांतीतला ईसीजी पूर्णपणे सामान्य. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीही सामान्य.

जे हृदयात दिसत नाही, ते डीएनएमध्ये दिसू शकतं. अमेरिकेतल्या मायकेल अ‍ॅकरमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली बुडण्याच्या घटनेनंतर दगावलेल्या १९ वर्षांच्या एका तरुणीत लाँग क्यूटीचा जनुकीय दोष शोधून काढला, आणि मृत्यूनंतरच्या जनुकीय तपासणीची वाट खुली झाली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०१० ते २०१२ या तीन वर्षांत १ ते ३५ वयोगटातल्या ४९० अचानक मृत्यूंचा पाठपुरावा झाला. शवविच्छेदनानंतरही ४० टक्के मृत्यूंचं कारण कळलं नव्हतं. त्यातल्या ज्यांची जनुकं तपासली, त्यांच्यापैकी २७ टक्क्यांत अर्थपूर्ण दोष मिळाला. या आकड्याकडे प्रामाणिकपणे पाहायला हवं: बहुसंख्य घरांना तेव्हाही उत्तर मिळालं नाही. शिवाय जनुकातला प्रत्येक वेगळेपणा दोष नसतो. कित्येकदा अहवालात 'अर्थ अनिश्चित' असा बदल येतो. त्याला कारण म्हणून लिहिणं म्हणजे त्या घराला चुकीचा नकाशा हातात देणं.

ही सगळी तपासणी ज्यावर टेकलेली आहे, ती गोष्ट म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीतलं थोडं रक्त. ५ ते १० मिलिलिटर, किंवा प्लीहेचा छोटा तुकडा, गोठवून ठेवलेला. फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे अवयव टिकवायच्या द्रावणात, बुडवलेल्या ऊतींतला डीएनए तुटतो, त्यातून नंतर असं काही वाचणं फार कठीण होतं. नळी स्वस्तातली, भरायला मिनिटभर. पण शवविच्छेदनाच्या दिवशी ती भरली नाही, तर अंत्यविधीनंतर ती भरता येत नाही. माझ्या मते अशा तपासाची सगळ्यात जास्त हानी अपुऱ्या विज्ञानाने होत नाही, ती या न भरलेल्या नळीने होते. ज्या घरावर ही वेळ आली, तिथल्या एखाद्या काका-मावशीने तरी त्या दिवशी डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: हृदय नीट पाहिलं जाणार आहे ना, आणि जनुकीय तपासणीसाठी रक्त राखून ठेवलंय ना.

कारण पुढचा भाग जिवंत माणसांचा असतो. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ साली जपानमध्ये सामना चालू असताना कोसळून गेली. आधी हार्ट अटॅकच म्हटलं गेलं. शवविच्छेदनात महाधमनी फाटलेली आणि मार्फन सिंड्रोम निघाला, म्हणजे शरीराला बांधून ठेवणाऱ्या ऊतींचा आजार, जो आनुवंशिक आहे. मग तिच्या भावाची तपासणी झाली, त्याच्यातही तोच आजार सापडला आणि त्याची शस्त्रक्रिया झाली. हार्ट अटॅकवर थांबले असते, तर त्याला कुणी तपासलं नसतं.

मृत्यूचं कारण सापडलं नाही, तर तसं स्पष्ट लिहावं: 'सर्व तपासण्यांनंतर कारण निश्चित झाले नाही, आनुवंशिक लयदोषाची शक्यता, पहिल्या नात्यातल्या सर्वांची हृदयतपासणी करावी.' हा अहवाल नुसता कचेरीच्या फायलीत न ठेवता घरच्यांना बसवून, त्यांच्या भाषेत समजावून सांगावा. आईबाप आणि भावंडं, सगळ्यांचा ईसीजी, इको आणि व्यायाम-चाचणी. आईबापांना या भेटीत एक वेगळी भीती छळत असते, आपणच हे तिला दिलं का. त्याचं उत्तरही तिथेच, सरळ द्यावं लागतं: जनुक कुणी निवडून देत नाही, आणि काही दोष तर आईबापांत नसताना मुलात नव्यानेच उपजतात.

आपल्या मुलीला नऊ वर्षांचा भाऊ आहे. त्याला कधी चक्कर आलेली नाही. त्याचा ईसीजी चांगला, इको चांगला. छातीवर चिकटपट्ट्या लावून त्याला ट्रेडमिलवर चढवतात. तो चालतो, हसतो, आईकडे बघतो. पट्टा जरा वेगाने फिरू लागतो. ठोके १०० वर जातात, ११०, पडद्यावर सगळं सरळ. १२० च्या आसपास एक जास्तीचा ठोका उमटतो. मग आणखी एक. वेग वाढतो तसे ते जोडीने येऊ लागतात, एक वर तोंड केलेला, एक खाली. मुलाला काहीच जाणवत नाही, तो धावतोय. डॉक्टर हात वर करतात, पट्टा थांबतो, त्याला खाली बसवतात. ठोके उतरतात तशी ती वेडीवाकडी रांग विरते आणि मिनिटाभरात पडदा पुन्हा स्वच्छ. त्याच संध्याकाळी बीटाब्लॉकरची, म्हणजे हृदयावरचा अ‍ॅड्रिनलिनचा जोर कमी करणाऱ्या औषधाची, पहिली गोळी सुरू होते, शर्यती आणि एकट्याने पोहणं बंद होतं, आणि त्याच्या शाळेला एईडी कुठे ठेवायचं ते कळवलं जातं.